'यू'शिवायचा 'क्यू'

माझी भाची इंग्रजी शाळेत आहे. सुट्टीत तिने स्क्रॅबल खेळायला घेतलं आणि दोनच दिवसांत तिची एक तक्रार सुरू झाली. हातात 'क्यू'ची सोंगटी आली की डाव अडतो. इंग्रजीत क्यूच्या मागे यू लागतोच, आणि नेमका तोच वेळेवर मिळत नाही. "मामू, ज्यात क्यू आहे पण यू नाही, असे शब्द सांगा ना," ती म्हणाली. मी सांगत गेलो, ती शब्दकोशात तपासून वहीत उतरवत गेली.

या लेखापुरती एक सोय करून घेतो. अरबीत जिथे 'क़ाफ' आहे किंवा इंग्रजीत जिथे तो क्यूने लिहितात, तिथे गरजेप्रमाणे 'क'खाली नुक्ता देतो. तर आमची यादी अशी झाली: बुरक़ा, निक़ाब, तलाक़, क़ादी, फ़क़ीर, वक़्फ़, क़िबला, तरीक़ा, क़व्वाली, क़नात (जमिनीखालून पाणी नेणारा बोगदा), सूक़ म्हणजे बाजार, मुक़द्दम, क़लमदान. हे सगळे शब्द आज इंग्रजी शब्दकोशात आहेत. यादी वाचून ती म्हणाली, "हे तर सगळे आपलेच शब्द आहेत!"

'आपलेच' हा शब्द मला बराच वेळ पुरला. आपले म्हणजे कुणाचे? मुसलमानांचे, अरबांचे, की मराठी माणसाचे? आणि इंग्रजीत एक विशिष्ट अक्षरजोडी शोधायला गेलं की आपण मुसलमानी मोहल्ल्यातच का पोहोचतो? याचं उत्तर भाषेच्या इतिहासात आहे, आणि थोडं राजकारणातही.

यादीत बाकीचेही काही पाहुणे आहेत हे आधी सांगायला हवं. चिनी 'ची' म्हणजे प्राणशक्ती. तो क्यू-आय असा दोनच अक्षरांत लिहितात. २००६ मध्ये अमेरिकी खेळाडूंच्या अधिकृत यादीत तो आला आणि क्यूवाल्यांचा जीव भांड्यात पडला. हिब्रूतला 'शेक़ेल' आहे. टंकलेखन यंत्राच्या वरच्या ओळीतली अक्षरं सलग वाचून तयार झालेला 'क्वर्टी' आहे. पण बाकी मोठा हिस्सा अरबीतून, किंवा अरबीतून फारसी आणि उर्दूमार्गे आलेला.

मुळात क्यूला यूचं लोढणं लागलं कसं? फिनिशियन लोकांच्या लिपीत 'क़ोफ' नावाचं अक्षर होतं. घशाच्या अगदी मागून, पडजिभेपाशी उमटणाऱ्या 'क'साठी ते होतं. अरबीतला क़ाफ आणि हिब्रूतला क़ोफ ही त्याचीच लेकरं. तेच अक्षर ग्रीकांकडे 'कोप्पा' म्हणून गेलं. त्यांच्या भाषेत तो आवाज नव्हता, म्हणून लिहिण्यातून ते गळालं आणि फक्त ९० हा आकडा दाखवण्यापुरतं उरलं. ग्रीकांकडून ते इटलीत पोहोचलं. लॅटिनमध्ये 'क्व' असा आवाज होता, तो लिहायला त्यांनी क्यू आणि यू यांची जोडी जमवली. म्हणजे इंग्रजी क्यू आणि अरबी क़ाफ हे सख्खे चुलतभाऊ. एक युरोपात जाऊन यूचा हात धरून राहिला, दुसरा घशात एकटाच राहिला.

जुन्या इंग्रजीला तर क्यूची गरजही नव्हती. आजचा 'क्वीन' तेव्हा सी आणि डब्ल्यूने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, लेखनिक फ्रेंच वळणाचे आले आणि त्यांनी इंग्रजांच्या राणीचं स्पेलिंगही बदलून टाकलं. राज्यकर्ता बदलला की कारकुनाची लेखणी आधी बदलते, याचा आपल्याकडेही अनुभव आहे. त्यावर पुढे येतो.

आता सोंगटीच्या किमतीकडे. स्क्रॅबल बनवला आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुशिल्पकाराने. १९३० च्या महामंदीत त्याची नोकरी गेली होती. हातात वेळ होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारखी वर्तमानपत्रं समोर घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्याने मोजलं, आणि त्यावरून अक्षरांची संख्या आणि गुण ठरवले. शंभर सोंगट्यांत ई बारा, यू चार, क्यू फक्त एक. क्यूला दहा गुण. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनॉट याने या खेळाला स्क्रॅबल हे नाव देऊन बाजारात आणलं. अक्षरं मोजून भाषेचा स्वभाव ओळखायची ही युक्ती मात्र बट्सच्या हजारेक वर्षं आधीची आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीने गुप्त लिपी फोडण्यावर एक रिसाला लिहिला. त्यात त्याने हेच सांगितलं: भाषेतला लांब मजकूर घ्या, कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, आणि सांकेतिक मजकुरातल्या खुणांशी ताडून पाहा.

बट्सच्या मोजणीमुळे एक गंमत झाली. क़ाज़ी, म्हणजे अरबी उच्चारात क़ादी, इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिला जातो. सीने लिहिला तर सात गुण, केने लिहिला तर नऊ, क्यूने लिहिला तर चौदा. माणूस तोच, त्याचं न्यायासन तेच. फकीर केने लिहा, बारा. क्यूने लिहा, सतरा. फकिरालाही भाव असतो तो असा.

गुणांची गंमत बाजूला ठेवली तर ही तीन स्पेलिंगं म्हणजे तीन काळ आहेत. क्यूची यादी नुसती वाचली तर मुसलमानांबद्दल काय चित्र उभं राहतं बघा. बाई बुरख्यात आहे, तिला तलाक मिळतो, निवाडा काजी करतो, मालमत्ता वक्फची आहे आणि दारात फकीर उभा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रातली गेल्या वीस-पंचवीस वर्षांची मुसलमानविषयक मथळ्यांची दुनिया बहुतेक याच शब्दांत मावते. क़व्वाली तेवढी सुटली म्हणायची.

पण अरबी क़ाफचे शब्द इंग्रजीत याआधीही गेले होते, आणि ते या यादीत सापडत नाहीत. त्यांच्यातला क्यू दिसत नाही म्हणून. अरबी 'क़ुत्न'चा कॉटन झाला. 'क़हवा' तुर्की आणि इटालियन तोंडातून फिरत कॉफी झाला. 'अल-क़ली', म्हणजे खाऱ्या झुडपांची राख, तिचा अल्कली झाला आणि तो आपल्या शाळेच्या रसायनशास्त्रात येऊन बसला. 'क़ीरात'चा कॅरट झाला. 'तल्क़'चा टाल्क, ज्याची पावडर आपण बाळाला लावतो. 'अल-क़ुब्बा'चा अल्कोव्ह, म्हणजे भिंतीतला कोनाडा. 'क़िरमिज़ी'चा क्रिम्झन. मराठीत आपण त्याच रंगाला किरमिजी म्हणतो. 'क़ंद'चा कँडी झाला, आणि तोच कंद आपल्या गुलकंदात आहे. कंद तर मूळचा आपल्याच बाजूचा. संस्कृत 'खंड' फारसीत गेला, तिथून अरबीत, तिथून युरोपात. खडीसाखर आणि लहान मुलांची कँडी नात्याने जवळच्या आहेत.

हे शब्द मध्ययुगात आणि त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत गेले. सिसिली, स्पेन, व्हेनिस, इस्तंबूल अशा वाटांनी गेले. त्यांना नेणारे लोक व्यापारी, वैद्य, रंगारी, खलाशी होते. त्यांनी माल पाहिला, नाव ऐकलं आणि आपल्या जिभेला जमेल तसं उच्चारलं. मूळ अक्षर कोणतं होतं याची त्यांना फिकीर नव्हती. कापूस चांगला आहे ना, मग झालं. आज कॉटनचा शर्ट घालून कॉफी पिणाऱ्या इंग्रजाला आपण अरबी शब्द वापरतोय असं वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

या काळात अक्षरांची अदलाबदलही मजेशीर झाली. 'मशीद'च्या इंग्रजी मॉस्कमध्ये क्यू आहे, आणि अरबी 'मस्जिद'मध्ये क़ाफचा पत्ता नाही. तो क्यू फ्रेंचांनी घातला. साडीवर चमकणाऱ्या टिकलीला इंग्रजीत सिक्विन म्हणतात, त्यातही क्यू-यू आहे. तो शब्द व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून, नाणं टांकसाळीवरून आणि टांकसाळ अरबी 'सिक्का'वरून. सिक्कामध्ये साधा काफ. आपला शिक्का तोच. उलट क्विंटलमध्ये क्यू-यूची अस्सल लॅटिन जोडी दिसते, पण तो युरोपला मिळाला अरबी 'क़िंतार'कडून. क़िंतार कुराणातही आहे, ढीगभर संपत्ती या अर्थाने. आणि अरबांनी तो घेतला होता लॅटिनमधल्या शंभराच्या मापावरून. बाप रोमन, सांभाळ अरबांचा, परत येताना नाव बदललेलं.

दुसरा काळ प्रवाशांचा आणि कंपनी सरकारच्या साहेबांचा. त्यांनीही कानाने ऐकूनच लिहिलं, पण आता माल नव्हता, माणसं आणि अधिकार होते. केडी, काझी, फकीर, किस्मत हे सगळे सी किंवा केने गेले. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात काजीची नोंद सीने सुरू होते. १८८० साली ब्रिटिश सरकारने काजी नेमण्याचा कायदा केला, त्यात के आहे. कोकणातल्या जुन्या काझी घराण्यांच्या कागदांत आणि पासपोर्टांवर अजून तोच के दिसतो.

तिसरा काळ पंडितांचा. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या विद्यापीठांत अरबी शिकवणारे प्राध्यापक वाढले आणि प्रत्येक अरबी अक्षराला एकच रोमन अक्षर असावं, असा आग्रह आला. काफला के दिला. मग क़ाफला काय द्यायचं? क्यू रिकामा होता. शिवाय दोघांचं मूळ एकच. तोडगा शास्त्रशुद्ध होता आणि मला तो पसंतही आहे. त्यामुळे क़ल्ब म्हणजे हृदय आणि कल्ब म्हणजे कुत्रा यांत रोमन लिपीतही गोंधळ होत नाही.

मुसलमानांनीही हा क्यू आनंदाने उचलला. कुराणाचं पहिलं छापील इंग्रजी भाषांतर १६४९ चं, त्याचं नाव 'अल्कोरान', सीने. जॉर्ज सेलने १७३४ मध्ये के लावला. मार्माड्यूक पिक्थॉल मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते, पुढे हैदराबादला गेले. स्वतः मुसलमान झालेल्या या इंग्रजाने १९३० च्या आपल्या भाषांतरावर केच ठेवला. चार वर्षांनी अब्दुल्ला युसुफ अली यांचं भाषांतर लाहोरहून प्रसिद्ध होऊ लागलं, आणि त्याच्या मुखपृष्ठावर क्यू आला. युसुफ अलींचा जन्म मुंबईचा. आज केने लिहिलेलं कुराण इंग्रजीत जुनाट वाटतं. (कुराणाच्या इंग्रजी स्पेलिंगात क्यूनंतर यू येतो, पण तो पेशाचा यू आहे, लॅटिनचा नाही. विशेषनाम म्हणून स्क्रॅबलमध्ये तो चालणारही नाही.)

आपल्या संसदेनेही हा बदल केला आहे आणि त्याची तारीख सांगता येते. मुंबईचे बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी पुढाकार घेऊन १९१३ मध्ये वक्फ कायदेशीर ठरवणारा कायदा करून घेतला. त्याच्या इंग्रजी नावात के होता. स्वतंत्र भारताच्या १९५४ च्या आणि १९९५ च्या कायद्यांतही के होता. २०१३ च्या दुरुस्तीने संपूर्ण कायद्यात केच्या जागी क्यू घालावा असं सांगितलं. शंभर वर्षांनी वक्फचं इंग्रजी स्पेलिंग दुरुस्त झालं. स्क्रॅबलच्या हिशेबाने चौदाचे एकोणीस गुण झाले. त्यानंतर बारा वर्षांनी, २०२५ मध्ये, पुन्हा दुरुस्ती आली आणि देशभर तो शब्द घराघरात पोहोचला. टीव्हीवर रात्रभर वाद घालणाऱ्यांना त्या शब्दाचा अर्थ 'थांबवणं' असा आहे, मालमत्तेचा व्यवहार थांबवून तिचं उत्पन्न लोकांसाठी राखणं असा आहे, हे सांगायची सवड झाली नाही.

मराठीला मात्र हा शब्द परका नाही. त्याच तीन अक्षरांपासून, वाव-क़ाफ-फ़े पासून, आपल्याकडे आणखी शब्द आलेत. 'शिक्षा मौकूफ झाली' म्हणतो ना, तो मौकूफ म्हणजे थांबवलेला. आणि 'वाकबगार' मधला वाकब म्हणजे वाक़िफ़, एखाद्या गोष्टीपाशी थांबून ती जाणणारा.

ठरावीक अक्षरं घेऊन त्यांतून किती शब्द निघतात हे शोधणं, म्हणजे माझी भाची करत होती तेच काम, आठव्या शतकात बसऱ्यात एका माणसाने आयुष्यभराचं व्रत म्हणून केलं. त्याचं नाव खलील बिन अहमद अल-फ़राहीदी. गझल लिहिणाऱ्यांना तो ठाऊक असतो, कारण बहर आणि वज़नाचं शास्त्र त्याने बांधलं. माणूस ओमानचा, राहिला बसऱ्यात, गरिबीत. त्याला अरबीचा संपूर्ण शब्दकोश करायचा होता. अडचण अशी की एकही शब्द सुटला नाही याची खात्री कशी द्यायची? ऐकत आणि जमवत गेलं तर जमवणं कधी संपणारच नाही.

खलीलने प्रश्न उलटा केला. अरबीत अक्षरं अठ्ठावीस. शब्दाची मुळं दोन, तीन, चार किंवा पाच अक्षरांची. मग सगळ्या शक्य जुळण्या आधी मांडायच्या आणि नंतर पाहायचं, यातली कोणती माणसं बोलतात. बोलतात ती 'मुस्तअमल', बोलत नाहीत ती 'मुहमल'. एकच अक्षर पुन्हा न घेता हिशेब केला तर दोन अक्षरांच्या ७५६ जुळण्या होतात, तिनाच्या १९,६५६, चारांच्या ४,९१,४००, पाचांच्या १,१७,९३,६००. एकूण १,२३,०५,४१२. जुन्या अरबी ग्रंथकारांनी हा आकडा खलीलच्याच नावावर सांगितला आहे. संगणक नाही, आणि बसऱ्यात तेव्हा कागदही दुर्मीळ.

त्याच्या कोशाचं नाव 'किताबुल-ऐन'. अलिफ-बे-तेचा क्रम त्याने सोडला. आवाज तोंडात कुठून निघतो त्या क्रमाने अक्षरं लावली, घशाच्या तळापासून ओठांपर्यंत. सगळ्यात खोल ऐन, म्हणून कोशाचं नावही ऐन. सहावा क़ाफ, त्याला लागून काफ. आपली वर्णमालाही कंठापासून सुरू होऊन ओठांकडेच जाते: क, च, ट, त, प. खलीलपर्यंत भारतीय व्याकरणाची वार्ता पोहोचली होती का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. तोंडाची रचना बसऱ्यात आणि भारतात सारखीच असते.

या कोशात शब्द शोधायचा तर तीन अक्षरांच्या सहाही उलटापालटी एकाच ठिकाणी मिळतात. एक उदाहरण घेतो, क़ाफ, लाम आणि बे. यांच्या सहा रचना होतात, आणि सहाच्या सहा अरबीत जिवंत आहेत. क़ल्ब म्हणजे हृदय. क़ब्ल म्हणजे आधी. लक़ब म्हणजे टोपणनाव, किताब. लबिक़ म्हणजे चतुर, बोलण्याचालण्यात सफाईदार. बक़्ल म्हणजे भाजीपाला, त्यावरून बक़्क़ाल म्हणजे किराणा विकणारा. आणि सहावी रचना बे-लाम-क़ाफ, त्यावरून अब्लक़ म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा.

आता यातले किती मराठीत आहेत बघा. अबलख घोडा आपल्या पोवाड्यांतून आणि लावण्यांतून दौडतो आहे. बोलण्याची 'लकब' आपण नेहमी म्हणतो. आणि वाणी-बकाल या जोडीतला बकाल. बसऱ्याच्या त्या पानावरचे तीन शब्द घेऊन मराठी माणूस रोज फिरतो, आणि त्याला कुणी सांगितलं नाही तर कळतही नाही.

मराठीने क़ाफ दोन तऱ्हांनी पचवला. बहुतेक वेळा साधा क केला. हक्क, हकीकत, कर्ज, करार, कबूल, कैद, किल्ला, कसबा, कलम, कबर, कुलूप, फरक, मुक्काम, ताकद, बंदूक, शौक, नकाशा. काही वेळा ख केला. अबलख, बुरखा, इलाखा. दखनी बोलणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही, कारण आपल्या दखनीत क़ाफचा सर्रास ख होतो आणि त्यावरून उत्तरेकडचे उर्दूवाले अजून आपली टिंगल करतात. आम्ही क़ब्र म्हणायला गेलो की त्यांना 'खबर' ऐकू येते. मराठीतले हे ख दखनीच्याच संगतीने आले असावेत असं मला वाटतं. टिंगल करणाऱ्यांना कैरोला पाठवलं पाहिजे. तिथे खुद्द अरब लोक क़ाफ गिळून टाकतात आणि क़हव्याला 'अहवा' म्हणतात.

बुरख्याचं उदाहरण बोलकं आहे. इंग्रजीतला क्यूवाला बुरक़ा म्हणजे मुसलमान बाईचं वस्त्र, दुसरा अर्थ नाही. मराठीतला बुरखा कुणाच्याही तोंडावरून फाडता येतो. ढोंगी पुढाऱ्याचा, भोंदू बाबाचा, साळसूद सावकाराचा. शब्द मराठी झाला म्हणजे काय झालं, ते इथे दिसतं.

त्याहून बोलका 'कायदा'. अरबी 'क़ाइदा' म्हणजे पाया, बैठक, नियम. मराठीत त्याचा कायदा झाला आणि राज्यघटनेपासून ग्रामपंचायतीपर्यंत त्याचं राज्य आहे. त्याचंच अरबी अनेकवचन 'क़वाइद', तिची आपण कवायत केली, आणि शाळेच्या मैदानावर मुलं ती करतात. आमच्या मदरशांत अलिफ-बे शिकवणारं पहिलं पुस्तक, त्यालाही क़ायदा म्हणतात, मी त्यावरच अक्षरं गिरवली. आणि २००१ नंतर जगाने हाच शब्द क्यूसह एका दहशतवादी टोळीचं नाव म्हणून ऐकला. मराठी वर्तमानपत्रं त्या टोळीचं नाव 'अल-कायदा' असं छापतात, आणि त्याच पानावर खाली 'कायदा हातात घेऊ नये' असं पोलिसांचं आवाहन असतं. इंग्रजी वाचकाला या दोन शब्दांत काही नातं दिसत नाही. मराठी वाचकाला दिसायला हवं, पण सवयीने त्यालाही दिसत नाही.

हे शब्द मराठीतून काढायचे प्रयत्नही झाले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. नवं सार्वभौम राज्य उभं राहताना त्याची स्वतःची राजभाषा असावी ही इच्छा मला समजते. नॉर्मनांच्या लेखनिकांनी केलं तेच, दिशा उलटी. कोशात दुर्गवर्ग आहे, आणि लोक अजून म्हणतात रायगड किल्ला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. तिचा सूर वेगळा होता. तिथे प्रश्न राज्यकारभाराचा राहिला नाही, शब्दाचं कूळ पाहून त्याला घालवायचा होता. 'दिनांक' छापील अर्जावर टिकला, तोंडात तारीखच राहिली. माधव जूलियन यांची गोष्ट मला जास्त चटका लावणारी वाटते. ते फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश करणारे. कोणता शब्द कुठून आला हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्याच माणसाने १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला आणि शुद्धीची बाजू घेतली.

आता आमच्यातली नवी पिढी उलट दिशेने निघाली आहे. आजोबा केने काझी लिहीत, नातू क्यूने लिहितो. कुरेशींच्या घरात एका भावाच्या आधार कार्डावर के आणि दुसऱ्याच्या क्यू, असं मी पाहिलंय, आणि वारसा नोंदीच्या वेळी त्या दोन अक्षरांनी कचेरीत किती हेलपाटे घालायला लावले तेही. शुद्ध अरबी उच्चाराचा मान राखावा, याला माझी ना नाही. पण मराठीत लिहिताना नुक्ता देऊन 'क़ाज़ी' लिहायला लागलेल्या तरुण मित्रांना मी अडवतो. चारशे वर्षांपासून घरात राहणाऱ्या शब्दाच्या खाली टिंब देऊन त्याला पाहुणा का करायचं? या लेखात मी ती टिंबं दिली, ती फक्त ओळख परेडसाठी.

खरी गर्दी तर तालुक्याच्या गावी भेटते. तालुका म्हणजे 'तअल्लुक़ा', इलाख्याचा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ ऐन-लाम-क़ाफ. परभणी किंवा यवतमाळकडचा शेतकरी हंगामात कापूस घेऊन बाजारात येतो. त्याच्या हातात पावती पडते. तीवर तालुक्याचं नाव असतं, माल किती क्विंटल ते असतं, खाली रक्कम लिहिलेली असते, तिच्याखाली बाकी. तो पावतीची नक्कल मागून घेतो, घडी करून खिशात ठेवतो, आणि कर्जाचा हप्ता भरायला बँकेच्या दिशेने चालू लागतो.